निरीक्षक तीन हंगामांत एकदाच आले: दाद जिनिव्हाला मागायची की जळगावला?

जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातील सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, हंगामी हिशेबनीस असलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: ‘कामगार निरीक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ सालीच स्वीकारला, असे वाचनात आले. आमच्या जिनिंगमध्ये गेल्या तीन हंगामांत निरीक्षक एकदाच आले आणि ते येणार हे मालकांना आदल्या संध्याकाळीच ठाऊक होते. त्या दिवशी अर्ध्याअधिक बायांना सुटी देण्यात आली. सरकार करार पाळत नाही, असे यावरून म्हणता येईल का? आणि तक्रार करायची ती जिनिव्हाला की जळगावला?’

उत्तर देण्याआधी माझी बाजू सांगतो. कारखाने निरीक्षणाच्या सरकारी खात्यात मी पंचवीसहून अधिक वर्षे काढली आणि त्यांतील बहुतेक जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत काढली. निवृत्तीनंतर कामगार संघटना आणि लहान कारखानदार या दोघांनाही सल्ला देतो. आपण ज्या व्यवस्थेबद्दल विचारता तिच्या उणिवांत माझाही वाटा आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आपल्या शेडमध्ये कायदा पाळला जातो की नाही, हे कोणी आणि कधी पाहायचे, हा पहिला. भारत सरकारने दिलेला आंतरराष्ट्रीय शब्द पाळला आहे काय, हा दुसरा. पहिल्याला पुरावा लागतो तो तारखांचा, हजेरीपटाचा, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा. दुसऱ्याला एका शेडचा पुरावा कधीच पुरत नाही. तेथे साऱ्या राज्यात निरीक्षक किती, कारखाने किती, भेटी किती आणि खटले किती, हे आकडे लागतात. आपली गोम अशी आहे की, पहिल्या प्रश्नाचा पुरावा आपल्याजवळ आहे आणि आपण उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे मागत आहात.

तो करार म्हणजे जिनिव्हा येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे १९४७ सालचे कन्व्हेन्शन क्रमांक ८१. भारताने ते ७ एप्रिल १९४९ रोजी स्वीकारले, परंतु त्याचा दुसरा भाग, म्हणजे व्यापारी आस्थापनांच्या निरीक्षणाचा भाग, वगळून. शेतीतील निरीक्षणाचे १९६९ सालचे कन्व्हेन्शन १२९ आपण स्वीकारलेले नाही आणि कन्व्हेन्शन ८१ ला १९९५ साली जोडलेला पूरक करारही नाही. खानदेशापुरता याचा अर्थ असा की, जिनिंग, डाळ मिल, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग हे कराराच्या कक्षेत येतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड कापणारी टोळी, उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर गेलेले जोडपे किंवा दुकानातील नोकर हे येत नाहीत. नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीसारख्या ठिकाणी शेती कोठे संपते आणि उद्योग कोठे सुरू होतो, यावर वकिलांना दिवसभर वाद घालता येईल. आपले जिनिंग मात्र निःसंशय आत आहे.

आता करार काय मागतो ते पाहू. प्रत्येक कारखान्याला दरवर्षी भेट द्या, असे तो कोठेही म्हणत नाही. त्याच्या सोळाव्या अनुच्छेदाची भाषा अशी आहे की, कायद्याची अंमलबजावणी परिणामकारक होण्यासाठी जितक्या वेळा आणि जितक्या बारकाईने आवश्यक असेल तितके निरीक्षण व्हावे. ‘आवश्यक’ किती, हे धोक्यावर ठरते. पंधरा माणसांच्या डाळ मिलला तीन वर्षांत एक भेट पुरेल; रसायनांच्या कारखान्याला वर्षात एकही अपुरी पडेल. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळच्या वाघाडी येथे रसायन कारखान्यात स्फोट होऊन किमान १३ जणांचे जीव गेले, तेव्हापासून आमच्या भागात हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जिनिंग या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. कापसाच्या ढिगाला लागणारी आग, रोलर आणि पट्ट्यात सापडणारे हात, आणि वर्षानुवर्षे छातीत साचणारी कापसाची धूळ हे तेथील नेहमीचे धोके आहेत. त्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा आजार कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत, नोंदलेला होता. तेव्हा तीन हंगामांत एक भेट हे चांगले लक्षण नव्हे, पण तेवढ्यावरून करारभंग सिद्ध होतो असेही मी म्हणणार नाही.

आदल्या संध्याकाळी लागलेली वर्दी ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा मला तेथे दिसतो. कराराचा बारावा अनुच्छेद सांगतो की, ओळखपत्र असलेल्या निरीक्षकाला निरीक्षणास पात्र अशा कोणत्याही कामाच्या जागी, दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी, पूर्वसूचना न देता मुक्तपणे जाण्याचा अधिकार असला पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या नवव्या कलमाने आम्हाला आत जाण्याचा, कागद पाहण्याचा आणि माणसांची विचारपूस करण्याचा अधिकार दिलेला होता. कायद्याच्या अक्षरात तेव्हा फारशी खोट नव्हती. खोट होती ती व्यवहारात. औद्योगिक वसाहतीत पहिल्या फाटकाशी सरकारी गाडी उभी राहिली की अर्ध्या तासात शेवटच्या फाटकापर्यंत फोन जात. जिनिंगचे शेड शेताच्या बाजूला असल्याने मागच्या कुंपणातून चाळीस बाया बाहेर पडायला दहा मिनिटे पुरत. मी स्वतः किती वेळा अशा रिकाम्या शेडमध्ये उभा राहून ‘हजर कामगार १२’ अशी नोंद केली असेल, ते आज मोजवत नाही.

त्यावर काही उपाय आम्ही अनुभवाने शिकलो. हजेरीपटाकडे जाण्याआधी शेडबाहेरच्या चपला आणि डबे मोजायचे. प्रेसची वही मागायची आणि दिवसाच्या गाठी पाहायच्या. एक गाठ साधारण १७० किलोची असते आणि प्रेसचा ताशी वेग मालक स्वतः अभिमानाने सांगतो, त्यामुळे इतक्या गाठी आठ तासांत निघणे शक्य आहे की बारा तास लागले असतील, हे कागदावरच उघडे पडते. वीजबिल तिसरा साक्षीदार. आपण हिशेबनीस आहात, म्हणजे ही वही आपल्याच टेबलावर असणार. तिच्याकडे मी शेवटी परत येईन.

वर्दी कशी लागली, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. एखाद्या कारकुनाने किंवा निरीक्षकानेच फोन केला असेल, तर तो एका माणसाचा भ्रष्टाचार आहे, आणि करार मोडल्याचा दावा करण्याआधी शिस्तभंगाची तक्रार करणे अधिक योग्य ठरेल. निरीक्षकाने आगाऊ कळवूनच जावे, किंवा वरिष्ठांची परवानगी अथवा संगणकाची यादी हातात असल्याशिवाय त्याने फाटकाबाहेर पाऊलच टाकू नये, अशी जर व्यवस्थाच असेल, तर प्रश्न थेट कराराचा होतो. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्राचे श्रम सुविधा पोर्टल सुरू झाले आणि केंद्राच्या अखत्यारीतील निरीक्षणासाठी कोणत्या आस्थापनेत कोण जाणार, हे संगणकाने सोडतीप्रमाणे ठरवण्याची पद्धत आली. राज्यांनीही तोच रस्ता धरला. महाराष्ट्रात २०१५ पासून स्वयंप्रमाणनाची योजना आली, जिच्यात मालकच आपण कायदा पाळतो असे लिहून देतो आणि त्या बदल्यात नित्याच्या भेटी कमी होतात.

हे सगळे कामगारांविरुद्ध रचलेले कारस्थान होते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘इन्स्पेक्टर राज’ ही मालकांनी रचलेली दंतकथा नव्हती. दिवाळीच्या तोंडावर एकाच डाळ मिलमध्ये चार खात्यांचे चार निरीक्षक कशासाठी जात, हे साऱ्या बाजारपेठेला माहीत होते. करारातही निरीक्षकाचा आपल्या देखरेखीखालील उद्योगात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये असे बंधन आहे, आणि त्याची नोकरी स्थिर असावी, सरकारे बदलल्याने किंवा बाहेरच्या दडपणाने ती हलू नये, असेही आहे. सोडत ही त्या रोगावरील एक गोळी होती. पण गोळीचा दुष्परिणाम मी खात्यात असतानाच पाहिला. धूर कोठून येतो आहे हे डोळ्यांना दिसत असते आणि यादीत मात्र पलीकडच्या गल्लीतील कारखान्याचे नाव असते.

याहून बारीक एक दोष आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. कराराच्या पंधराव्या अनुच्छेदानुसार तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने पूर्णपणे गुप्त ठेवायचे असते, आणि ही भेट तक्रारीवरून झाली आहे याची पुसटशी कल्पनाही मालकाला द्यायची नसते. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमातही कलम ११८-अ घालून हे बंधन आले. आम्ही ते असे पाळत असू: तक्रार एका जिनिंगची असली, तर त्याच दिवशी शेजारच्या आणखी दोन जिनिंगना भेट द्यायची आणि तक्रारीचे ठिकाण मधले ठेवायचे. नित्याच्या सगळ्या भेटी यादीतून ठरू लागल्या आणि यादीबाहेरची भेट केवळ तक्रारीवरूनच होऊ लागली, की यादीबाहेरचा निरीक्षक दारात दिसताच मालकाला कळते की आपल्यातील कोणीतरी बोलले आहे. मग संध्याकाळी मुकादमाकरवी त्याचा शोध सुरू होतो. गुप्ततेचा नियम कायद्यात शाबूत राहतो आणि प्रत्यक्षात त्याचा उपयोग संपतो.

बाराव्या अनुच्छेदातील आणखी एक अधिकार आमच्या भागात कागदावरच राहिला, तो म्हणजे कामगाराला एकट्याला विचारण्याचा. जिनिंगवर येणारी माणसे बहुतांशी सातपुड्यातली, धडगाव-अक्कलकुव्याची किंवा सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातली. त्यांची बोली पावरी किंवा भिली. निरीक्षकाला यांपैकी काही येत नाही. मग दुभाषा कोण, तर ज्याने उचल देऊन त्यांना आणले तो मुकादम. एका शेडमध्ये मी एका बाईला मजुरी किती मिळते असे विचारले. तिने मुकादमाकडे पाहिले, आणि उत्तर दिले ते शेजारी उभ्या असलेल्या अहिराणी बोलणाऱ्या बाईने: ‘आमले काय माहीत, मुकादमले इचारा.’ त्या दिवशीच्या माझ्या अहवालात ‘कामगारांची तक्रार नाही’ असे वाक्य आहे. निरीक्षकाच्या पदाला स्त्रियाही पात्र असाव्यात, असे कराराचा आठवा अनुच्छेद सांगतो. जिथे निम्मे काम बायांच्या हातून होते तिथे ही शोभेची तरतूद नाही, हे मला त्या शेडमध्ये कळले.

आता नव्या कायद्याकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर आज त्याच चौकटीत द्यावे लागेल. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि निरीक्षकाचे नाव ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे झाले. नावावरून बराच आरडाओरडा झाला, पण माझ्या मते तो अस्थानी आहे. मालक आणि कामगार दोघांना सल्ला देणे हे निरीक्षकाचे काम आहे, असे कन्व्हेन्शनच्या तिसऱ्या अनुच्छेदातच लिहिलेले आहे. खरा वाद दुसरीकडे आहे. वेतन संहितेच्या ५४ व्या कलमानुसार, कमी वेतन देण्याखेरीज संहितेच्या इतर उल्लंघनांत खटला भरण्याआधी मालकाला लेखी निर्देश देऊन पूर्तता करण्याची मुदत द्यावी लागते, आणि त्याने मुदतीत पूर्तता केली तर खटला भरता येत नाही. तोच प्रकार पाच वर्षांत पुन्हा घडला तर ही सवलत नाही. करार म्हणतो की, उल्लंघन करणाऱ्यावर पूर्वसूचनेशिवाय तत्काळ कारवाई होऊ शकली पाहिजे आणि खटला भरावा की समज द्यावी हे निरीक्षकाच्या विवेकावर सोडावे. करारात काही प्रकरणांत आधी सूचना देण्याचा अपवाद देशाच्या कायद्याने करता येतो, हेही खरे. पण अपवाद हाच नियम झाला आणि विवेक वापरण्याची जागाच उरली नाही, तर ते कराराशी जुळते काय, हा प्रश्न रास्त आहे. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्यांदा पकडले जाईपर्यंत अशी उल्लंघने करण्यात मालकाला फारशी जोखीम नाही, आणि पकडले जाण्याची शक्यता भेटींच्या संख्येवर अवलंबून आहे.

दुसरा बदल उंबरठ्याचा. कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेशिवाय २० कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. कामाच्या जागेची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या नव्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. १० ते १९ कामगारांच्या जागा पूर्णपणे सुटल्या, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. त्या ‘आस्थापना’ म्हणून संहितेत राहतात, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींचा आधार त्यांना मिळत नाही. उंबरठ्याचा हा खेळ खानदेशाला नवा नाही. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा तो १०० किंवा अधिक माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिनिंग त्या जाळ्यातून सहज निसटे. म्हणून कोणत्याही नव्या कायद्याचे मी पहिले पान उघडतो ते व्याख्यांचे. आपल्या जिनिंगमध्ये प्रत्यक्ष माणसे किती आणि हजेरीपटावर किती, हा फरक आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा झाला आहे.

येथवर सांगितलेल्या गोष्टी कायद्याच्या आणि रीतीच्या होत्या. सरकार करार पाळते की नाही, याचा सर्वांत सरळ पुरावा मात्र मला कराराच्या शेवटाकडच्या, कोणी न वाचणाऱ्या दोन अनुच्छेदांत दिसतो. विसावा आणि एकविसावा अनुच्छेद सांगतात की, मध्यवर्ती निरीक्षण प्राधिकरणाने दरवर्षी एक सर्वसाधारण अहवाल, वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत, प्रसिद्ध करावा. त्यात निरीक्षक किती, निरीक्षणास पात्र जागा किती, तेथील कामगार किती, भेटी किती, उल्लंघने आणि शिक्षा किती, अपघात आणि व्यवसायजन्य आजार किती, हे आकडे असावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीने भारताकडे वेळोवेळी हीच आकडेवारी मागितली आहे. केंद्रापासून राज्यांपर्यंत अनेक यंत्रणांत विखुरलेले हे काम एका जागी मोजले गेल्याशिवाय सरकारला ‘आम्ही करार पाळतो’ असेही ठामपणे म्हणता येत नाही आणि आपल्याला ‘पाळत नाही’ असेही.

निरीक्षक किती असावेत, याचा आकडा करारात नाही. दहाव्या अनुच्छेदात केवळ ‘पुरेसे’ असा शब्द आहे. श्रम संघटनेच्या २००६ च्या एका दस्तऐवजात मात्र तुलनेसाठी मापे सुचवली होती: विकसित औद्योगिक देशांत १०,००० कामगारांमागे एक निरीक्षक, औद्योगिकीकरण होत असलेल्या देशांत १५,००० मागे एक, आणि सर्वांत कमी विकसित देशांत ४०,००० मागे एक. हे बंधनकारक नाही, पण हाताशी पट्टी असली की कापड मोजता येते. नुसत्या मंजूर पदांवर मात्र विसंबू नका. मंजूर पद, भरलेले पद, आणि निवडणूक, प्रशिक्षण व न्यायालयाच्या तारखा वजा जाता प्रत्यक्ष फिरतीवर असलेला माणूस, हे तीन निरनिराळे आकडे आहेत. अकराव्या अनुच्छेदात निरीक्षकाला वाहनाची सोय द्या असे स्वतंत्रपणे लिहिले आहे, याचे मला सुरुवातीला हसू आले होते. नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत एसटीने फिरून निरीक्षण केल्यावर ते हसू ओसरले.

हे आकडे आपल्याला मिळू शकतात, आणि त्यासाठी जिनिव्हाला जावे लागत नाही. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, म्हणून एका अर्जात एवढेच मागा: जिल्ह्यातील नोंदणीकृत जिनिंग-प्रेसिंग कारखाने, गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय झालेल्या भेटी, त्यांतील तक्रारीवरून झालेल्या भेटी, दाखल खटले आणि त्यांचा निकाल. मंजूर आणि भरलेल्या पदांसाठी दुसरा अर्ज करा. एखाद्या विशिष्ट कारखान्याचे निरीक्षण अहवाल मागितले तर व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून नकार येण्याचा संभव असतो; एकूण संख्येला असे कारण लागू पडत नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.

जिनिव्हाचा मार्ग कसा आहे, ते थोडक्यात सांगतो. आपण एक व्यक्ती म्हणून तेथे तक्रार करू शकत नाही. कन्व्हेन्शन ८१ हे शासनविषयक महत्त्वाच्या चार कन्व्हेन्शनांपैकी एक असल्याने त्यावर सरकारला दर तीन वर्षांनी अहवाल द्यावा लागतो, आणि श्रम संघटनेच्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदानुसार त्याची प्रत मालक व कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनांना द्यावी लागते. त्या संघटना आपले अभिप्राय श्रम संघटनेकडे थेट पाठवू शकतात. तज्ज्ञ समिती वर्षअखेरीस बसते, म्हणून हे अभिप्राय १ सप्टेंबरपर्यंत पोहोचलेले बरे. गंभीर प्रकरण पुढे श्रम संघटनेच्या जूनमधील वार्षिक परिषदेत चर्चेला येते. कन्व्हेन्शन ८१ च्या अंमलबजावणीवरून भारताचे प्रकरण २०१७ आणि २०१९ साली तेथे चर्चेला आले होते, आणि पूर्वसूचनेशिवाय प्रवेश, स्वयंप्रमाणन व आकडेवारी हे चर्चेचे मुद्दे होते. २४ व्या अनुच्छेदाखाली संघटनेला रीतसर निवेदनही देता येते. पण तेथून निघते ते मत, विनंती आणि फार तर नापसंती. आपल्या शेडच्या दारात त्यातून निरीक्षक उभा राहत नाही. आपली माहिती एखाद्या केंद्रीय कामगार महासंघाला दिली आणि त्याने अशा पंधरा-वीस ठिकाणांच्या तारखा एकत्र केल्या, तर मात्र सरकारच्या गोलमोल उत्तरासमोर ठेवण्याजोगे काहीतरी तयार होते.

देशातील न्यायालयात नुसता करार दाखवून काम भागत नाही, कारण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार कायद्यात उतरल्याखेरीज तो आपोआप लागू होत नाही. तथापि कायद्यात पोकळी असेल तेथे अशा करारांचा आधार घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबतच्या १९९७ च्या विशाखा निकालात दाखवून दिले. खानदेशातील तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. तेथे याचिका करायची तर आधी खात्याकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तिच्यावर काही झाले नाही हे दाखवता यावे.

तेव्हा सुरुवात जळगावहून करा, पण दार योग्य निवडा. यंत्रांचे आच्छादन, आग, धूळ, कामाचे तास आणि अपघात हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. कमी मजुरी, न दिलेला ओव्हरटाइम आणि मुकादमाची कपात हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे. दोन्ही एकाच कागदावर लिहिले की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिले आहे. तक्रार संघटनेच्या पत्रावर द्या, आपले नाव खाली नको. आपल्याच जिनिंगबरोबर परिसरातील आणखी दोन-तीन ठिकाणांचा उल्लेख करा, म्हणजे शोध घेणाऱ्याला आपल्यापर्यंत येणे कठीण जाईल. मागील भेटीची तारीख, त्या दिवशी सुटी दिलेल्या बायांची संख्या, भेट कोणत्या पाळीत व्हावी आणि पावरी जाणणारी स्त्री दुभाषी सोबत असावी, ही मागणी स्पष्ट लिहा.

गाठींच्या वहीची छायाचित्रे मात्र काढू नका. नोकरीतील विश्वासघाताचा आरोप आपल्यावर येईल आणि मूळ तक्रार बाजूला राहील. त्याऐवजी रोज घरी गेल्यावर स्वतःच्या डायरीत तारीख, गाठी आणि प्रेस बंद झाल्याची वेळ एवढेच टिपा, आणि अर्जात ‘प्रेसची वही व वीजबिल तपासावे’ असे एक वाक्य घाला; ती वही ताब्यात घेण्याचा अधिकार निरीक्षकाला आहे. अर्ज कापसाची आवक जोरात असताना, डिसेंबर-जानेवारीतच द्या आणि पोच घ्या. होळीला माणसे डोंगरात परतली की शेडमध्ये सरकी उरते आणि विचारायला कोणी उरत नाही.